चाळिशीनंतरचे ताट

भगिनींनो, गेल्या रब्बी हंगामात आमच्या तालुक्यातल्या एका गावी महिला शेतीशाळेला गेले होते. ज्वारीच्या बियाण्याला काणी रोगासाठी गंधक कसे चोळायचे, याचे प्रात्यक्षिक होते. वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या. दुपारी बाभळीच्या सावलीत सगळ्यांनी आपापली फडकी सोडली. कुणाची पातीच्या कांद्याची भाजी, कुणाचे पिठले, कुणाचा शेंगदाण्याचा ठेचा. एक बाई मात्र बाजूला बसून होत्या. हातात स्टीलच्या कपात कोरा चहा, दुसरे काही नाही.

"ताई, आज उपवास का?" मी विचारले.

"न्हाय मॅडम, जेवणच कमी केलंय. वैशाखात लेकीचं लगीन हाय. समदी म्हणत्यात, लई सुटलीस."

वय विचारले, तर सत्तेचाळीस. तालुक्याच्या गावाहून त्यांनी वजन उतरवण्याच्या पावडरीचा एक डबा आणला होता. बचत गटाचे कर्ज फेडायचे दोन हप्ते त्या डब्यात गेले होते. सकाळी ती पावडर पाण्यातून, दुपारी चहा, रात्री अर्धी भाकरी. तीन आठवडे झाले होते. आदल्या दिवशी सरीत काम करताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या बांधावर बसून राहिल्या. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नव्हती. मला सांगितली, तीही हळू आवाजात, जणू काही गुन्हाच केला आहे.

मी त्यांना उपदेश करू शकले नाही, कारण पाच वर्षांपूर्वी मीही हेच केले होते. बी.एस्सी. कृषी शिकलेली बाई मी. पिकाला नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती हे झोपेत विचारले तरी सांगेन. पण स्वतःच्या पोटाचा घेर वाढू लागला, तेव्हा मी भाकरी बंद केली, सोमवार आणि गुरुवार असे दोन उपवास जास्तीचे धरले आणि फिरतीवर निघताना डबा नेणे सोडून दिले. वजन दोन किलो उतरले आणि तीन किलो परत चढले. एके दिवशी स्कूटरवरून येताना घेरी आली आणि गाडीसकट मी ओघळीत गेले. हाडे शाबूत राहिली, हे नशीब. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठाच्या जरासे वर निघाले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दिवसभरात काय काय खाता, सांगा पाहू." मी बराच वेळ आठवत राहिले. मला सांगता येईना. नवऱ्याने काय खाल्ले ते आठवत होते, मुलाच्या डब्यात काय दिले तेही आठवत होते.

म्हणून आजचा हा लेख पिकाचा नाही, आपल्या ताटाचा आहे.

या वयात शरीर बदलते

चाळिशी ओलांडली की पाळी मागेपुढे होऊ लागते. आपल्या देशात पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान बहुतेक बायकांची पाळी जाते. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे डॉक्टर धरतात. त्याआधीची चार-पाच वर्षे आणि नंतरची काही वर्षे अंगात मोठी उलथापालथ चालू असते. बीजकोशातून तयार होणारा स्त्रीरस, ज्याला इस्ट्रोजेन म्हणतात, तो कमी कमी होत जातो. त्याचा परिणाम म्हणून पूर्वी मांड्यांवर आणि कमरेखाली बसणारी चरबी आता पोटावर बसू लागते. स्नायू वयाप्रमाणे थोडे थोडे झिजतात, म्हणून पूर्वीइतकेच खाल्ले तरी अंगाला ते जास्त होते. रात्री अचानक घाम फुटतो, झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोडाची इच्छा होते. आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, झपाट्याने कमी होतो. डोळ्यांना दिसते ते पोट. हाड दिसत नाही, म्हणून त्याची काळजी कुणी करत नाही.

हे सगळे मी अशासाठी सांगते की पोट सुटणे हा आळशीपणाचा पुरावा नाही. पहाटे पाचला उठून सारवण, शेण, धारा, स्वयंपाक आणि मग खुरपणी करणाऱ्या बाईला आळशी म्हणायला जीभ धजावते तरी कशी, कोण जाणे. पण म्हणतात. हळदीकुंकवाला म्हणतात, लग्नाच्या मांडवात म्हणतात आणि हल्ली मोबाइलवर फोटो पाहूनही म्हणतात. "काय गं, किती सुटलीस!" हे आपल्याकडे नमस्कारासारखे झाले आहे. दुसरीकडे एखादी वाळून काटकी झालेली असेल, तर तिला "तुझ्या घरी खायला घालत नाहीत का?" असे विचारतात. दोघींनाही मान खाली घालायला लावायची.

आता सरकारी पाहणीचे आकडे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २४ टक्के बायका वजनाने जास्त आणि जवळजवळ १९ टक्के कमी भरल्या. पण रक्त कमी असलेल्या मात्र ५७ टक्के निघाल्या. आपल्या महाराष्ट्रातही हा आकडा निम्म्याहून जास्तच आहे. याचा अर्थ उघड आहे. अंगाने भरलेल्या बाईच्या अंगातही रक्त कमी असू शकते. बाहेरून भरलेली आणि आतून उपाशी. आम्ही शेतात हे नेहमी पाहतो. नुसता युरिया टाकलेल्या पिकाला हिरवागार पाला येतो, उंची येते, आणि कणसात दाणा भरत नाही.

चोरून खाल्लेला गूळ

त्या दिवशी शेतीशाळा संपल्यावर सहा-सात बायका मागे राहिल्या. बियाण्याचा विषय बाजूला पडला आणि जेवणाचा निघाला. तेव्हा एक काकी, वय पन्नासच्या पुढे, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मॅडम, हसू नका. मी रातच्याला समदी निजली की उठते आन् अंधारात गुळाचा खडा नि शेंगदाणं खाते. मूठ-मूठ खाते. लाईट लावत न्हाय. माझ्याच घरात मी चोरी करते बघा."

कुणी हसले नाही. दोघी-तिघींनी खाली पाहिले. एक म्हणाली, "मी पोरांच्या बिस्किटांचा पुडा." दुसरी म्हणाली, "मी खरकटी भांडी घासायला घेतली की पातेल्यातलं."

मग आम्ही त्या काकींच्या दिवसाचा हिशेब मांडला, जसा मी पिकाच्या खर्चाचा मांडते तसा, वहीवर. पहाटे पाचला चहा. आठला चहा आणि बटर. अकराला रानात जायचे म्हणून घाईत अर्धी भाकरी आणि चटणी, तीही उभ्याने. दुपारी दोनला सगळ्यांचे झाल्यावर उरलेली भाकरी आणि आमटीचे वरचे पाणी, कारण घट्ट डाळ आधीच्या ताटांत गेलेली असते. चारला चहा. रात्री नऊला सगळ्यांची जेवणे उरकल्यावर नातवाच्या ताटातला भात, कारण टाकवत नाही. दिवसातून सतरा-अठरा तास उभी असलेली ही बाई एकदाही स्वतःचे ताट वाढून घेऊन बसलेली नव्हती. मग रात्री बारा वाजता अंग काहीतरी मागणारच! ती हाव नाही, काकी, दिवसभराची थकबाकी आहे, असे मी त्यांना म्हणाले. त्यावर त्यांनी डोळे पुसले. मला वाटते, तीस वर्षांत त्यांना हे कुणी सांगितले नव्हते.

भगिनींनो, आपला घोळ इथेच आहे. आपण एक तर उपाशी राहतो, नाही तर चोरून खातो, आणि दोन्हीची लाज बाळगतो. उपाशी राहिले की रात्री जास्त खाल्ले जाते. जास्त खाल्ले की पश्चात्ताप होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. हे रहाटगाडगे वर्षानुवर्षे चालते. पावडर विकणारे त्याच रहाटावर आपले पाणी भरून घेतात.

काकींना मी एकच गोष्ट करायला सांगितली. रात्री जो गूळ आणि जे शेंगदाणे अंधारात खाता, ते दुपारी चार वाजता उजेडात, वाटीत घेऊन, ओट्यावर बसून, सगळ्यांच्या देखत खा. मूठभर शेंगदाणे आणि लहानसा गुळाचा खडा. (ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी गूळ वगळावा. गूळ साखरेपेक्षा भारी, ही समजूत साखरेच्या आजारात फसवी आहे.) पंधरा दिवसांनी त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, रात्रीचे उठणे रोजचे होते ते आता आठवड्यातून एखादा दिवस. आणि म्हणाल्या, "पयल्या दिशी सून बघत व्हती. मला लाज वाटली. दुसऱ्या दिशी ती बी येऊन बसली."

गाईचा खुराक आणि बाईचा

माझ्या कचेरीत शेतकरीबंधू येतात. गाय व्याली, दूध वाढेना, गाय हाडांवर आली, काय करू? मी सांगते, रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण द्या, पेंड वाढवा, हिरवा आणि सुका चारा मिसळून द्या. ते मन लावून ऐकतात, दुकानातून मिश्रणाची पिशवी घेऊन जातात. एकतीस वर्षांच्या नोकरीत "बायकोला दम लागतो, तिच्या खाण्यात काय वाढवू?" असे विचारायला किती जण आले म्हणता? एक. तो माणूस माझ्या आजही लक्षात आहे. कृषी अधिकाऱ्याला हे विचारावे की नाही, या संकोचात तो दाराशी दहा मिनिटे उभा होता.

तर आता बाईच्या खुराकाचे गणित करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. पंचावन्न किलोच्या बाईला म्हणजे साधारण ४६ ग्रॅम. स्नायू टिकतात ते प्रथिनांवर आणि कष्टावर. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी धरली, तर तिच्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने. दिवसाला तीन भाकरींचे अठरा. घट्ट डाळीची एक वाटी, म्हणजे तीस ग्रॅम तूरडाळ, सहा-सात ग्रॅम. तशीच संध्याकाळी मटकीची, हुलग्याची किंवा चवळीची उसळ, आणखी सहा-सात. मूठभर शेंगदाणे, सात. फुलपात्रभर दूध किंवा दही, सहा. बेरीज करा, पंचेचाळीसच्या आसपास येते. एखादे अंडे घेतले तर आणखी सहा. यात बाजारातून आणायचे काय आहे? काहीही नाही. फक्त दूध सगळेच्या सगळे संकलन केंद्रावर जाते आणि अंडी बाजारी जातात. केटली भरण्याआधी एक फुलपात्र बाजूला काढायचे, एवढेच. मांसाहार न करणाऱ्या घरात ब-१२ जीवनसत्त्व मिळण्याचा मार्गही प्रामुख्याने दूध-दहीच आहे.

हाडांसाठी पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे तीच संस्था सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असते. ज्वारी-बाजरीच्या पिठात त्याच्या मानाने फारच थोडे. म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी नाचणीची आंबील करा. तीळ आणि कारळ्याची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, ताक, दूध हे सगळे त्यात भर घालते. आपल्या पठारी भागात नाचणी पिकत नाही, पण बाजारात मिळते आणि पावडरीच्या डब्याच्या मानाने तिची किंमत काहीच नाही.

रक्तासाठी बाजरी, हिरव्या पालेभाज्या, हळीव. २०१२ साली महाराष्ट्रात 'धनशक्ती' नावाचा जास्त लोह असलेला बाजरीचा वाण आला आणि २०१८ साली परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण दिला. दोन्हींच्या कामात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेचा हात आहे. बियाणे मिळाले तर घरच्या खाण्यापुरत्या दोन-चार गुंठ्यांवर तरी लावून पाहा. पण एक गोष्ट बियाण्याहूनही स्वस्त आहे. जेवणावर लगेच चहा पिऊ नका. चहातल्या तुरटपणामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या, आणि जेवताना ताटात लिंबाची फोड किंवा आवळा ठेवा. त्याने लोह शोषायला मदत होते. हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर मात्र नुसत्या बाजरीने भागत नाही. गोळ्या घ्याव्या लागतात, आणि मलाही त्या घ्याव्या लागल्या.

आता उपवासाबद्दल. मी देवभोळी आहे आणि कुणाचे व्रत मोडायला सांगणार नाही. पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन एकादश्या आणि नवरात्र असे मोजत गेले, तर काही जणींचे वर्षातले शंभराच्या वर दिवस उपवासाचे भरतात. आणि त्या दिवशी पोटात काय जाते? साबुदाणा. हा शाबूकंदाच्या पिठाच्या चिकातून, बहुतांशी तामिळनाडूच्या सेलम भागात, तयार होतो. त्यात नुसता स्टार्च, प्रथिने जवळजवळ शून्य. आपल्या आजेसासूबाईंच्या उपवासात वरी, राजगिरा, रताळे, ताक, फळ हे जास्त होते. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, वाटीभर दही, एक केळे एवढे झाले तर उपवासही होतो आणि अंगही टिकते. शेजारणीने धरला म्हणून, किंवा वजन उतरावे म्हणून देवाच्या नावावर धरलेला उपवास मात्र धरू नये. त्यात देवाचीही फसवणूक होते, असे माझे मत आहे.

वजन मोजायचेच असेल तर काट्यापेक्षा शिंप्याची पट्टी बरी. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेला, तर साखर, रक्तदाब यांची तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. हा आकडा लाजण्यासाठी नाही. माती परीक्षणाचा अहवाल आला की आपण जमिनीला शिव्या देतो का? कशाची उणीव आहे, ते पाहतो. तीस वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब, साखर आणि बायकांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, विनामूल्य होते. आशाताईला विचारा. घेर कमी करायचा असेल तर रात्रीचे जेवण लवकर, तेल मोजून, चहातली साखर निम्मी आणि रोज अर्धा तास हात मोकळे सोडून चालणे. खुरपणीने घाम गाळला तरी उकिडवे बसून गुडघे दुखतात, चालण्याचा फायदा त्यात नाही. पण भाकरी सोडू नका.

"आता काय, पडीक रान"

या वयातल्या बायकांच्या तोंडून मी एक वाक्य अनेकदा ऐकते. पाळी गेली की म्हणतात, "आता काय मॅडम, पडीक रान." नवरे थट्टेत म्हणतात, म्हणून बायकाही म्हणू लागतात. मला या शब्दाचा राग येतो, आणि तो शेतीवाली म्हणूनही येतो. आमच्या अवर्षणप्रवण भागात भारी काळी जमीन खरिपात मुद्दाम मोकळी ठेवतात. तिला कुळवाच्या पाळ्या देतात, पाऊस मुरू देतात. त्याच रानात भाद्रपद-आश्विनात पेरलेली मालदांडी ज्वारी थंडीत नुसत्या ओलीवर येते. मोकळ्या ठेवलेल्या त्या रानाला कुणी टाकाऊ म्हणत नाही. तिथे सगळ्यात जास्त मशागत होते.

पडीक म्हटले की मग काढून टाकायची भाषा येते. अंगावरून जास्त जाते, ओटीपोटात दुखते, म्हणून गेल्यावर "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असा सल्ला कितीतरी जणींना मिळाला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली आढळली. कित्येकींचे वय तेव्हा चाळिशीही गाठलेले नव्हते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका दिवसात अंगावर येतात आणि हाडे अकाली ठिसूळ होतात. काही वेळा ही शस्त्रक्रिया खरोखरच लागते, ती टाळून चालत नाही. पण घाई कुणी करत असेल तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या, आणि काय काय काढणार आहेत ते स्पष्ट विचारा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

मनाचेही थोडे बोलले पाहिजे. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, घर मोकळे, झोप नाही, उगाच रडू येते. अशा वेळी काही जणी खातात, काही जणींना घास गिळत नाही. ही दुखणीच आहेत, नखरे नव्हेत. आरोग्य केंद्रात सांगा. २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. बोलायला पहिली बाई मात्र घरातलीच असावी. एकमेकींना भेटल्यावर अंगकाठीवरून पहिले वाक्य बोलायचे नाही, एवढा नेम आमच्या त्या गटाने केला आहे. मोडणारीला दोन रुपये दंड आहे. पहिल्या महिन्यात चौतीस रुपये जमले!

दादांनो, हे साप्ताहिक घरात तुम्हीच आधी वाचता, हे मला माहीत आहे. म्हणून तुम्हाला एकच विनंती. दिवसातून एक वेळचे जेवण तिच्यासकट एका पंगतीला करा. भाकरी करणारी चुलीपासून उठू शकत नाही, असे म्हणाल, तर शेवटच्या दोन भाकरी आधीच भाजून झाकून ठेवता येतात. गरम भाकरीचा हट्ट सोडला की हे जमते. आमच्या घरी जमायला सहा महिने लागले. यजमान रुसले, मग त्यांनीच एकदा आमटी गरम केली. खारट झाली होती, पण मी बोलले नाही.

शेतीशाळेतल्या त्या ताईंचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. पावडरीचा डबा त्यांनी सोडला. पैसे परत मिळाले नाहीत, विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. वजन फाल्गुनात मोजले तेव्हा पूर्वीपेक्षा जेमतेम दीड किलो कमी होते. जुन्या पैठणीवरचे पोलके मात्र शिंप्याने आतली शिवण उसवून मोठे करून दिले. त्यासाठीच तर पूर्वीचे शिंपी दोन्ही बाजूंना कापड सोडत. हिमोग्लोबिन नऊवरून साडेदहावर आले आहे, गोळ्या चालू आहेत. घरी सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या सत्तरीच्या सासूबाई म्हणाल्या, "आन् मी काय पाप केलंय?" आणि त्याही आपले ताट घेऊन शेजारी बसल्या. पन्नास वर्षे त्या घरात शेवटी जेवणारी तीच बाई होती.

ज्वारीची काढणी झाल्यावर शेतीशाळेचा शेवटचा वर्ग झाला. पुन्हा तीच बाभळ, तीच सावली. ताईंनी फडके सोडले. दोन भाकरी, हुलग्याची उसळ, कांदा आणि लिंबाची फोड. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, तुमचा डबा कुठाय?"

डबा मी सकाळी घाईत घरीच विसरले होते. त्यांनी एक भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.